पुस्तक आपलं, मुखपृष्ठ कोणासाठी?

मित्रांनो, लेखाचं नाव वाचून काही जण म्हणतील की इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हा विषय कशाला? सबमिशन, ओरल आणि बॅकलॉग काय कमी आहेत? पण जरा थांबा. आपल्या हॉस्टेलमध्ये खोलीगणिक एक कवी आहे. कोणाची कवितांची वही भरलीय, कोणाची कादंबरी अर्ध्यावर आहे. स्टाफमध्येही पुस्तक काढायचा विचार करणारे सर-मॅडम असतीलच. प्रकाशकाच्या मागे न लागता स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीसुद्धा निघतात. अवघड असतं ते त्याच्या पुढचं. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने ते पुस्तक हातात घेणं! आणि तिथे पहिली गाठ पडते ती मुखपृष्ठाशी. हा धडा मी घरच्याच पुस्तकावरून शिकलो, म्हणून तो सांगतो.

माळ्यावरची खोकी

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. औसा आणि निलंगा तालुक्यात ३८ वर्षे नोकरी करून २०२३ मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. भारत सासणे अध्यक्ष होते. मी तेव्हा बारावीत. आम्ही दोघं एसटीने गेलो आणि दिवसभर पुस्तकांच्या गाळ्यांतून फिरलो. परत येताना आप्पा म्हणाले, "आपलंबी एक पुस्तक असावं बघ अशा ठिकाणी."

निवृत्तीनंतर त्यांनी खरंच पुस्तक लिहिलं. शाळेच्या आठवणी. त्यातलं एक प्रकरण किल्लारीच्या भूकंपाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. आप्पा तेव्हा त्याच भागातल्या एका शाळेवर होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी आप्पांनी जुन्याच हजेरीपटावरून नावं पुकारली. काही नावांना ओ आलीच नाही. त्या नावांपुढे आप्पांनी 'गैरहजर' अशी खूण केली नाही. रकाना कोरा सोडला. हे प्रकरण मी आजही एका दमात वाचू शकत नाही.

आणि अशा पुस्तकाचं मुखपृष्ठ काय होतं, सांगू? जांभळ्या रंगावर टपोरा गुलाब, शेजारी दौत आणि मोराचं पीस, मागे मावळता सूर्य आणि उडणारे बगळे! वरच्या कोपऱ्यात आप्पांचा सत्काराच्या वेळचा फोटो. नावाला तीन रंगांची सावली. डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार चित्रं होती, त्यातलं एक त्याने लावलं. दोष त्याचा एकट्याचा नाही. "काहीतरी छान टाका," एवढंच आम्ही त्याला सांगितलं होतं आणि प्रूफ मोबाइलवर बघून 'ओके' कळवलं होतं.

५०० प्रती छापल्या. नातेवाईक, आप्पांचे सहकारी, जुने विद्यार्थी यांनी घेतल्या. उरलेल्या तीनशेच्या आसपास प्रती माळ्यावर खोक्यांत गेल्या. गोलाईकडच्या एका दुकानात आप्पांनी दहा प्रती ठेवल्या होत्या. काही महिन्यांनी दुकानदाराने त्या जशाच्या तशा परत दिल्या आणि म्हणाला, "गुरुजी, लोक हे चारोळ्यांचं पुस्तक समजतात ओ." आप्पा घरी आले, खोकं माळ्यावर टाकलं आणि त्यानंतर पुस्तकाचा विषय घरात निघाला नाही.

मी एक प्रत हॉस्टेलला आणली. काही न सांगता मेसच्या टेबलावर ठेवली. एकाने विचारलं, "हे लग्नाची पत्रिका हाय का रे?" दुसरा म्हणाला, "प्रेमकविता असतील." उघडून कोणी बघितलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक वाईट नव्हतं. ते काय आहे हे बाहेरून कोणाला कळतच नव्हतं.

मुखपृष्ठाचं काम काय?

आपल्याला वाटतं मुखपृष्ठ म्हणजे सजावट. लेखकाचा मान, घरच्यांची हौस. म्हणून त्यावर आई-वडिलांचा फोटो येतो, कुलदैवत येतं, कधी गावच्या पुढाऱ्यांचाही फोटो येतो. पण विचार करा. मामा, काका, मित्र हे आपलं पुस्तक कोऱ्या पुठ्ठ्यात बांधलं तरी घेणारच आहेत. मुखपृष्ठाची गरज असते ती अनोळखी माणसाला. तो गाळ्यासमोरून चालता चालता एक नजर टाकतो. त्या एका नजरेत त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: हे कोणत्या प्रकारचं पुस्तक आहे, त्याचा सूर गंभीर आहे की हलकाफुलका, आणि त्याचं नाव काय. एवढं जमलं की तो पुस्तक उचलतो, उलटून मागची बाजू बघतो. पुढचं काम आतल्या मजकुराचं.

मराठीत हे काम मोठमोठ्या चित्रकारांनी केलं आहे. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी असंख्य मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवली आणि 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला. आपल्यासाठी त्याहून जवळचं नाव म्हणजे वसंत सरवटे (१९२७–२०१६). हे गृहस्थ पेशाने सिव्हिल इंजिनिअर! नोकरी सिमेंट कंपनीत, आणि चित्रं पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांत. 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे त्यांनी वर्षानुवर्षे केली. त्यांची रेषा बघा. गरजेपेक्षा एक रेघ जास्त सापडणार नाही. ड्रॉइंग हॉलमध्ये आपल्याला शिकवतात तेच की हे!

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं हेही कमीपणाचं नाही. मुंबईत १९७६ मध्ये अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' काढलं आणि आपापले इंग्रजी कवितासंग्रह छापले. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले डिझायनर होते. मुखपृष्ठांची जबाबदारी त्यांनी घेतली. त्यांतल्याच 'जेजुरी'ला पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. म्हणजे पैसे घरचे असले तरी काम घरगुती दिसायलाच पाहिजे असं कुठे आहे?

कल्पना कशी शोधायची?

मी आप्पांसोबत बसून जे केलं ते क्रमाने देतो. कोणालाही करता येईल.

१) पुस्तक कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा. आप्पांनी आधी अर्धं पान लिहिलं. खोडत खोडत उरलं ते असं: 'एका मास्तरने पुकारलेली आणि लक्षात ठेवलेली नावं.'

२) पुस्तकात खरोखर येणाऱ्या वस्तूंची यादी करा. आमच्या यादीत खडू, फळा, घंटा, पत्र्याचं शेड, खिचडीचं पातेलं, सायकल, हजेरीपट अशा वस्तू आल्या.

३) आता काट मारत चला. जी वस्तू दुसऱ्या कोणाच्याही पुस्तकावर चालेल ती काटा. खडू-फळा कुठल्याही शिक्षकाच्या पुस्तकावर चालतो. घंटाही चालते. आमचा गुलाब आणि मोरपीस तर जगातल्या कोणत्याही पुस्तकावर चाललं असतं!

मी सुचवलं होतं की पडलेल्या घरांचा फोटो टाकू, लगेच लक्ष जाईल. आप्पा म्हणाले, "नको. ते बघून लोक थांबतील, पण माझं पुस्तक पडलेल्या घरांचं नाही. आणि ज्यांची घरं पडली ते कव्हर बघून काय म्हणतील?" हे मला सुचलं नव्हतं. लक्ष वेधायला काहीही चालतं असं नाही.

शेवटी उरला हजेरीपट. पिवळसर कागद, निळ्या आडव्या-उभ्या रेघा, ओळीने टिंबं आणि मधेच काही कोरे रकाने. बाकी काही नाही. तेही खऱ्या हजेरीपटाचा फोटो घेतला नाही, कारण त्यात खऱ्या मुलांची नावं आहेत. माझ्या रूममेटने तसाच कागद आखून दिला आणि नावांच्या जागी नुसत्या रेघा ठेवल्या.

जाता जाता एक इशारा. इंटरनेटवर सापडलेलं चित्र म्हणजे फुकटचं चित्र नव्हे. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रांना आणि फोटोंनाही लागू आहे. ज्याचं चित्र त्याची लेखी परवानगी घ्या, किंवा मित्राकडून काढून घ्या आणि आत त्याचं नाव द्या.

अक्षर म्हणजेच चित्र

चित्र नसलं तरी चालेल, अक्षर पाहिजे. इंग्लंडमध्ये १९३५ साली पेंग्विनची पहिली स्वस्त पुस्तकं आली, त्यांवर चित्र म्हणून फक्त छोटा पेंग्विन पक्षी होता. नारिंगी पट्टा असला की कादंबरी, हिरवा असला की गुन्हेगारी कथा, निळा असला की चरित्र. मधल्या पांढऱ्या पट्ट्यात नाव. एवढ्यावर ती लांबून ओळखू यायची. आपल्याकडे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं पाहा. अक्षराच्या वळणावरूनच नाटकाचा रागरंग कळतो.

आपल्याला तेवढं जमणार नाही. पण काही चुका नक्की टाळता येतात:

- एका मुखपृष्ठावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट वापरू नका. सावली, चमक, गोलाकार नाव हे सगळं वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी राहू द्या.
- 'ल' आणि 'श' तपासा. अनेक फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले आहेत. लातूरच्या माणसाने तरी 'ल' नीट काढावा!
- जोडाक्षरं आणि रफार मोठ्या आकारात छापून बघा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेला की 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास मोडतात. आतल्या पानावरची चूक एखादा माफ करेल, मुखपृष्ठावरची नाही.
- फॉन्टचाही परवाना असतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. पुस्तकासाठी वापरायला पैसे पडत नाहीत.

आता आपलं क्षेत्र : मापं

इथे मात्र इंजिनिअरिंगच्या पोरांनी मार खाऊ नये. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ हे तिन्ही मिळून एकच सलग कागद असतो. मराठी पुस्तकं बऱ्याचदा डेमी आकाराची असतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच (१४० बाय २१६ मि.मी.). कण्याची जाडी मात्र पानांवर अवलंबून असते.

आमचं पुस्तक १७६ पानांचं, म्हणजे ८८ कागद. ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद साधारण ०.१ मि.मी. जाड धरला तर कणा ८.८, म्हणजे ९ मि.मी. च्या आसपास. पण अंदाजावर जाऊ नका. त्याच कागदाचे तेवढे ताव घ्या, घट्ट दाबा आणि व्हर्निअरने मोजा. आमच्या पहिल्या छपाईत कणा अंदाजाने धरला होता, म्हणून कण्यावरचं नाव घसरून पुढच्या बाजूला आलं होतं.

पूर्ण कागदाची रुंदी काढू: १४० + ९ + १४० = २८९ मि.मी. त्यात चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड, म्हणजे कटिंगसाठी वाढवलेला रंग. म्हणून फाइल २९५ बाय २२२ मि.मी. ची. ब्लीड सोडलं नाही तर कटिंग जरा हललं की कडेला पांढरी रेघ दिसते. याच कारणाने नाव किंवा फोटो कडेला चिकटवू नये. आतल्या बाजूला निदान ८-१० मि.मी. मोकळे ठेवा.

चित्राची स्पष्टता इंचाला ३०० ठिपके हवी. साडेपाच बाय साडेआठ इंचासाठी १६५० बाय २५५० पिक्सेल. आमचा गुलाब ६४० पिक्सेल रुंद होता. भागा साडेपाचने. इंचाला जेमतेम ११६. म्हणून तो छापल्यावर भिजल्यासारखा दिसत होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो बारीक होतो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा ई-मेलने द्या.

रंगाचंही तसंच. पडदा लाल-हिरवा-निळा उजेड मिसळून रंग दाखवतो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो. म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये करा आणि पूर्ण छपाईआधी एक प्रत कागदावर छापून घ्या. मोबाइलवरचं प्रूफ हे प्रूफ नव्हे, ही गोष्ट आम्ही पैसे मोजून शिकलो.

खर्चाचा हिशेब साधा आहे. ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजाराला तेवढाच. म्हणून प्रती थोड्या असतील तर डिजिटल, जास्त असतील तर ऑफसेट. दोनच रंगांत भागलं तर प्लेटाही दोनच. कव्हरसाठी २५० ते ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड चालतं. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की नाव वाचता येत नाही, त्यापेक्षा मॅट बरं.

मागची बाजू विसरू नका

पुस्तक उचललेला माणूस लगेच ते उलटं करतो. तिथे लेखकाच्या पदव्या आणि पुरस्कारांची यादी असली की तो परत ठेवतो. मलपृष्ठावर पुस्तकात काय आहे ते पाच-सहा ओळींत सांगा. लेखकाची ओळख दोन ओळींत. आप्पांचा फोटो आम्ही तिथे, लहान आकारात नेला. त्यांनी आधी थोडी कुरकुर केली, मग म्हणाले, "बरं झालं. तो सफारी मलाबी आवडत नव्हता."

किंमत स्पष्ट छापा. आयएसबीएन घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. पण अर्ज वेळेवर करा, छपाईच्या आदल्या दिवशी नको. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे आणि शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, बेरीज दहाच्या पुढच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. बारकोड छापण्याआधी एकदा हे गणित करून बघा. टायपिंगची चूक लगेच पकडली जाते.

चार चाचण्या

१) दहा फुटांची चाचणी : प्रिंट कॉरिडॉरच्या भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून नाव वाचा.
२) टपाल तिकिटाची चाचणी : मोबाइलवर तिकिटाएवढं करून बघा. ऑनलाइन विक्रीत ते एवढंच दिसतं.
३) झेरॉक्सची चाचणी : काळी-पांढरी झेरॉक्स काढा. नाव पार्श्वभूमीत बुडालं तर रंग चुकले.
४) मेसची चाचणी : मित्राला "कसं वाटलं?" असं विचारू नका. तो "भारीच!" म्हणणार. "हे पुस्तक कशाबद्दल असेल?" असं विचारा. उत्तर चुकलं तर त्याला समजावू नका, मुखपृष्ठ बदला. दुकानात समजावून सांगायला आपण उभे नसतो.

शेवटी

माळ्यावरच्या प्रती आम्ही टाकून दिल्या नाहीत. बाइंडरने जुनं कव्हर काढून, कणा आणि तिन्ही बाजू थोड्या छाटून नवं कव्हर बसवता येतं असं सांगितलं. आधी एक प्रत छाटून घेतली, तिची मापं घेतली आणि मगच फाइल केली. पुस्तक आकाराने काही मि.मी. लहान झालं, पण आतल्या एका अक्षराला धक्का लागला नाही.

पहिली तयार प्रत मी पुन्हा मेसच्या टेबलावर ठेवली. या वेळीही काही बोललो नाही. फर्स्ट इयरचा एक मुलगा ताट घेऊन समोर बसला. मुखपृष्ठ बघितलं, बोट ठेवून म्हणाला, "हे रकाने कोरे का सोडलेत?" आणि उत्तर न ऐकताच त्याने पुस्तक उघडलं. त्याची भाजी गार झाली.

त्या रात्री मी घरी फोन करून हे सांगितलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणत्या गावचा पोरगा तो?" मी म्हटलं, विचारलं नाही. "विचारून ठेव," ते म्हणाले, "आणि ती प्रत त्याच्याकडंच राहू दे."

तेव्हा मित्रांनो, वही भरली असेल तर जरूर पुस्तक काढा. फक्त "काहीतरी छान टाका" असं म्हणू नका. कोणासाठी आणि काय, हे आधी ठरवा, मगच व्हर्निअर हातात घ्या!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)